चूलबंद

झाकलेलं ताट मला नातीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं. कोठीत, गुळाच्या ढेपांमागच्या फळीवर. पितळीवर पितळी उपडी, वरून धुतलेलं फडकं, फडक्याला गाठ. गाठ माझीच. मी डावरी, माझी गाठ उलटी पडते, घरात दुसऱ्या कुणाची तशी पडत नाही. व्याह्यांच्या गाड्यांत शिदोरी भरायची होती म्हणून मी गूळ काढायला आत गेले होते. गाठ सोडायच्या आधीच आत काय आहे ते मला कळलं होतं. तरी सोडली. मऊ भात, वर तूप थिजून पांढरं झालेलं. शेपूची भाजी. खारकेची खीर, तिच्यावर साय, सायीवर मुंग्या. असलं बाळंतिणीचं ताट सगळ्या लग्नात मी एकच करायला सांगितलं होतं, आणि ते परवा दुपारचं होतं. बाहेर अंगणात बायका कशालातरी हसत होत्या. मला वाटलं आपण पायरी चुकलो, पाय खाली खाली जातोय आणि जमीन लागत नाही. मग मी फडकं पुन्हा बांधलं. कशाला बांधलं कुणास ठाऊक, ते ताट आता जनावरापुढं टाकण्यासारखंही नव्हतं. पण बांधलं, आणि हातानं आणखी मागं सारलं.

कोठीच्या झरोक्यातून आमची गल्ली दिसते. एकाआड एक मातीची सपाट धाबी, त्यापलीकडं किल्ल्याचा बुरूज. माघाचा महिना, घाटातनं वारा वर चढत होता, आणि एवढ्या थंडीत बेचाळीस घरांपैकी एकाही घरातनं धूर निघत नव्हता. कालपर्यंत ते बघून माझी छाती भरून येत होती. आमच्याकडं आवतनाच्या तऱ्हा असतात. घरटी एक माणूस म्हटलं की घरातला कर्ता येऊन जेवून जातो. पुरुषमाणसांचं म्हटलं की बायका घरी. आणि ज्याच्या अंगात पाणी असेल तो चूलबंद आवतन देतो. धुळाजी न्हाव्यानं उंबऱ्यावर कुंकू लावून म्हणायचं, ‘चंद्रभागाबाईचं चूलबंद हाय बरं का’, की घरच्या बाईनं विस्तव विझवायचा, राख काढायची, चूल सारवून तिच्यावर रांगोळीच्या दोन रेघा ओढायच्या. वरात वेशीबाहेर जाईपर्यंत त्या घरात जाळ होत नाही. जाळ केला तर तो यजमानाच्या तोंडावर थुंकल्यासारखा. आणि यजमानानं काय करायचं? ज्याला उठून येता येत नाही, आजारी, लंगडा, म्हातारा, सोयरातली बाळंतीण, त्याच्या घरी त्यानं ताट धाडायचं. दोन्ही बाजूंनी बांधलेलं असतं ते. एका बाजूनं सुटलं तर दुसऱ्या बाजूला कळत नाही, ती तशीच ओढून धरते.

मला दिंद्रुडहून, धर्मापुरीहून गाड्या यायच्या न्यायला. लग्न कुणाच्याही घरचं असो, इंतजाम चंद्रभागाबाईचा. मला अक्षरं फुटकळ येतात, पण अंगणात उभी राहून मी सांगू शकते की या मांडवात किती पंगती बसतील, कोणत्या पंगतीला डाळ पातळ होईल आणि कोणता पाहुणा कशावरनं रुसेल. आधी पाणी, मग धान्य. पाणी संपलं तर अन्न असून अब्रू जाते. वाजंत्र्यांना आधी जेवू घाल, उपाशी सनई रडते. शेवटच्या पंगतीला पहिल्या पंगतीएवढंच तूप. तहसिलीतले पेशकारसाहेब येणार असतील तर त्यांचं जाजम वेगळं, त्यांचा पाण्याचा माणूस वेगळा, आणि हे दोन्ही ते यायच्या आधी, आल्यावर धावपळ दिसता कामा नये. आणि सगळ्यात मोठं, हुकूम एका तोंडातनं निघाला पाहिजे. दोन तोंडं झाली की खीर खारट होते. माझ्या मांडवात मी सांगितल्याशिवाय कुणी वातसुद्धा पुढं सारत नसे. याचा मला गर्व होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

परवा दुपारी, हळदीच्या दिवशी, घरपोच ताटांची पहिली फेरी निघाली. पहिल्या फेरीला जी घरं, तीच वरात जाईपर्यंत प्रत्येक जेवणाला. म्हणजे रोज रोज विचारायला नको. हीसुद्धा माझीच अक्कल. धुळाजी टोपल्यात ताटं रचत होता. नऊ ताटं रचली आणि दहावं हातात धरून म्हणाला, “ह्ये वत्सलाबाईंचं. त्यांच्या सुनंचं.”

मी म्हटलं, “थांब. ते मागनं.”

का म्हटलं? ताट मीच करायला लावलं होतं. ताराबाई स्वैपाकीण कुरकुरत होती की एवढ्या मोठ्या आचेवर पसाभर मऊ भात कुठं शिजवत बसू, तर तिला मी झापलं होतं. फडकं मी बांधलं होतं. मनात काळं नव्हतं माझ्या. फक्त वच्छीचं ताट सगळ्यात शेवटी जावं, तिनं जरा दाराकडं डोळे लावून बसावं, एवढंच. लोणच्याच्या फोडीएवढं सुख. तेवढ्यात माझा मुलगा शहादेव धावत आला की व्याही सुंदरराव गाडीतनं उतरायला तयार नाहीत, त्यांच्या पागोट्याला पहिला नारळ लावला नाही म्हणून. मी धुळाजीला म्हटलं, “तू नऊ घेऊन हो पुढं,” आणि दहावं हातातनं घेऊन कुठंतरी ठेवलं. कुठं, ते आत्ता कळलं. नंतर हळद, हळदीचं जेवण, काल लग्न, पंगती, पेशकारसाहेब, पानसुपारी. दोन दिवस धुळाजी नऊ ताटं घेऊन जात होता आणि नऊ रिकामी आणत होता. दहाव्याचं त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी थांब म्हटलं होतं.

वच्छी आणि मी दोघी दिंद्रुडच्या. एकाच आडावर पोहायला शिकलो, एकाच वर्षी धारूरला नांदायला आलो, ती गल्लीच्या त्या टोकाला, मी या. मला चंदे म्हणणारं जगात ती एकच माणूस उरलंय. आमच्यात बोलणं तुटलं ते शहादेवाच्या लग्नात, सोळा वर्षांमागं. तेव्हा मी नवी इंतजाम करायला लागले होते, धाब्यावर चढून सगळी गल्ली बघत होते, आणि चूलबंद असताना वच्छीच्या धाब्यातनं धुराची एक रेघ वर आली. पाठीमागं पंधरा बायका. मी तशीच गेले. ती पेज शिजवत होती, नवऱ्याला ताप होता, त्याला पंगतीतलं पचत नव्हतं. म्हणाली, “चंदे, मूठभर कण्या हायत गं.” मी तिच्या दारातली घागर उचलून चुलीवर ओतली. म्हटलं, “आमच्या अन्नात काय माती कालवली होती का?” चूल फुसकारली, राख उडून तिच्या तोंडावर बसली. बायका हसल्या, एक हसली की सगळ्या हसतात. तो पुढं आठ दिवसांनी गेला. तो जाणारच होता, वैदूनंही तसं सांगितलं होतं. मी कितीदा मनाशी म्हटलंय, तो जाणारच होता.

त्यानंतर आमच्या घरचं आवतन गेलं की वच्छी चूल विझवायची, सारवायची, रेघा ओढायची, आणि जेवायला यायची नाही. गूळ खाऊन पाणी पिऊन राहायची. हे मला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण आता घरात सून होती, मुक्ता. पहिलटकरीण. मुलगा त्रिंबक जालन्याला कापसाच्या जिनात कामाला. आणि मुक्तेला बाळंत होऊन आज सातवा दिवस होता.

मी अंगणात आले. लगबग तशीच चालू होती आणि तिचा आवाज मला पाण्याखालनं यावा तसा येत होता. सुंदरराव ओट्यावर पान खात बसले होते. माणूस मोठा रुसका आणि तेवढाच गोड बोलणारा. म्हणाले, “विहीणबाई, लगीन बेस झालं, पन आमचे बैल उपाशी राह्यले बरं का.”

मी म्हटलं, “बैलांनी रुसून दाखवलं असतं तर त्यांनाबी पागोटं बांधलं असतं.”

सगळे हसले. माझं तोंड आपोआप चालत होतं. पेटीवर माझी नात अंजना बसली होती, अकरा वर्षांची, कपाळाला मुंडावळ्यांचा वळ, मला बघून हसली. मी धुळाजीला डोळ्यानं खुणावलं आणि मागच्या दारानं निघाले. गल्लीत एक कुत्रं पत्रावळ चाटत होतं. प्रत्येक उंबऱ्यावर माझं कुंकू होतं. मी चालत होते आणि मनात मांडणी करत होते, जशी नेहमी करते: आधी आत जायचं, ताटात घोळ झाला म्हणायचं, दोष ताराबाईवर टाकायचा की धुळाजीवर, गरम भात दुपारपर्यंत येईल, वच्छी दोन शिव्या देईल, देऊ दे. मी ताटाचाच विचार करत होते. चूल म्हणजे नुसतं शिजवणं नव्हे, बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी त्याच चुलीतनं भरतात, हे त्या बेचाळीस घरांच्या गल्लीत शेवटी कुणाला सुचलं असेल तर ते मला.

दार उघडं होतं. आत इतका गारठा की बाहेर बरं. वच्छी चुलीला पाठ लावून बसली होती. चुलीवर दोन रेघा, पांढऱ्या, सरळ. खाटेखाली शेगडी, तीत राख. मुक्ता भिंतीला टेकून, अंगावर घरातलं होतं नव्हतं ते सगळं पांघरूण, आणि पांघरुणात पोर. सोयर होतं, मी उंबऱ्यात थांबले.

वच्छी म्हणाली, “आलीस? रिकाम्या हातानं आलीस?”

मी म्हटलं, “वच्छे, घोळ झाला. ताट करून ठेवलं होतं मी. देवाशपथ ठेवलं होतं.”

“मी म्हनलं येईल. परवा म्हनलं येईल. काल वाजंत्री वाजली तवा म्हनलं, आता येईल. मुक्ते, म्हनलं न्हाई का गं?”

मुक्तेनं मान हलवली. तिचे ओठ फुटले होते. म्हणाली, “मावशी, ही रात्रीपासनं पीत न्हाई. दूधबी लागंना झालंय. हातपाय गार लागतेत.” आणि तिनं पांघरूण जरा बाजूला केलं.

मुलगी होती. मी सोयर विसरून आत गेले आणि हात लावला. पोराचं अंग गार असलं की ते आधी पायाला कळतं. पाय ओल्या मातीसारखे. पोट हलत होतं, पण मधेच थांबायचं, आठवल्यासारखं करायचं आणि पुन्हा हलायचं. ओठांभोवती निळं. रडत नव्हती. मी अशी पोरं पाहिली आहेत आणि वाचलेलीही पाहिली आहेत. शेक मिळाला, आईचं अंग तापलं, तर फिरतात माघारी. मी म्हटलं, “पेटव आधी. वच्छे, ऊठ, जाळ कर.”

ती हलली नाही. “आवतन हाय ना तुजं.”

“चुलीत गेलं आवतन!”

“न्हाई गेलं. तेच तर. चुलीत कायबी गेलं न्हाई.” ती माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. “सोळा वर्सामागं मी पेटवली तवा तू पंधरा बायका घेऊन आलतीस. आता मी पेटवायची आन् धूर वर गेला की तुजे व्याही बगनार, बायका बगनार, वच्छी भिकारडी, पोटाची हावरी, लोकाच्या लग्नात माती कालवती. पुन्हा न्हाई. तुला पेटवायची असंल तर दारात हुबी ऱ्हा आन् मोठ्यानं म्हन. चंद्रभागाबाईचं आवतन मोडलं, चुली पेटवा. म्हन. मंग पेटवते.”

हे कुणी बाहेरचा ऐकेल तर म्हणेल, मग म्हणायचं. पाच शब्द. पण घरात देवक बसलेलं होतं. देवक बसलेलं असताना आवतन मोडलं असं यजमानणीनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं म्हणजे नवरीच्या पदरात विस्तव टाकायचा. सुंदरराव वेशीतनं गाड्या फिरवतील. फिरवल्या नाहीत तर अंजनाला नेतील, आणि धर्मापुरीत जन्मभर तिच्या पायांकडं बघतील. म्हैस मेली, अंजनाचे पाय. पीक गेलं, अंजनाचे पाय. आणि माझं नाव. ते मी आधी सांगायला हवं होतं, कारण मनात आधी तेच आलं. दिंद्रुडपर्यंतच्या गाड्या. मी उंबऱ्यात उभी होते, एका बाजूला ते निळे ओठ, एका बाजूला गल्ली, आणि मला अजून वाटत होतं की यात एखादी तिसरी वाट असणार, कारण प्रत्येक लग्नात मला तिसरी वाट सापडलेली आहे.

सापडली. मी धुळाजीला म्हटलं, “पळत घरी जा. आचारचुलीतले निखारे आण, घमेलंभर, वर राख पसर.” वच्छीला म्हटलं, “माझ्या चुलीचा विस्तव म्हणजे माझंच अन्न. तुझी चूल बंदच राहील. शेगडी भरू. धूर नाही, काही नाही.” धुळाजी पळाला. मी स्वतः गेले असते तर? मी विचार केला होता. पण घमेल्यात विस्तव घेऊन यजमानीण गल्लीतनं चाललेली व्याह्यांनी बघितली असती. शेजारच्या घरांतनं आणला असता, पण शेजारची घरं माझ्या शब्दानं गार पडलेली. एवढ्या मोठ्या गल्लीत तंबाखूच्या चिलमीपुरता निखारा नव्हता. मी मुक्तेच्या मागं बसले, पोर तिच्या उघड्या छातीशी धरायला लावलं आणि दोघींना माझ्या शालीत घेतलं. मुक्तेचं अंगही गारच होतं. तिच्या केसांना तेलाचा वास, शिळा. ती मला टेकली. कुणी असं टेकल्याला मला किती वर्षं झाली होती. मी पोट मोजत होते. हललं. हललं. थांबलं. हललं.

धुळाजीला यायला फार वेळ लागला. आला तो रिकामा.

“कावून रं?”

“ताराबाई देईना, बाई. म्हनली लग्नघरातला इस्तू वरात जास्तवर भाईर द्यायचा न्हाई. म्या म्हनलं, बाईनंच सांगितलंय. तर म्हनली, बाईनंच मला सांगितलंय, कुनीबी मागू दे, अगदी माज्या नावानंबी मागू दे, द्यायचा न्हाई. लई भांडलो. तिनं उलथनं उगारलं.”

मी तसं सांगितलं होतं. शब्द न् शब्द. विस्तव बाहेर गेला की घरची लक्ष्मी बाहेर जाते म्हणून, आणि कुणीतरी माझं नाव पुढं करून नेईल म्हणून. ताराबाईसारखी हुकमाची बाई मला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती.

मग मी उठले. पोर मुक्तेकडं होतं. मी दारात आले, उंबऱ्यावर दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले, आणि तोंड उघडलं. शब्द तोंडात आले होते, मला त्यांची चव आठवते, नाणं जिभेवर ठेवावं तशी. आणि गल्लीच्या वरच्या अंगानं वाजंत्री आली. अंजनाला मारुतीच्या पाया पडायला नेत होते. पुढं सनई, मागं सुंदरराव, करवल्या, शहादेव, मधोमध ती पोरगी हिरव्या शालूत बुडालेली. मी म्हटलं, एवढे पुढं जाऊ देत. वळणापलीकडं गेले की म्हणते. शहादेवानं मला तिथं बघून कपाळाला आठी घातली, मी हात हलवला, जा, जा, येते. सुंदरराव म्हणाले, “विहीणबाई, आमाला सोडून कुटं दडता?” मी म्हटलं, “तुमच्या मापाची रुसायची खोली शोधतेय!” ते खो खो हसत गेले. वळण आलं. सनई भिंतीआड गेली. मी श्वास घेतला.

मागनं मुक्ता म्हणाली, “मावशी, राहू द्या.”

मी वळले नाही लगेच. चौकटीचं लाकूड गार होतं, त्यात एक खिळा होता, तोरणाचा. मग वळले. मुक्तेनं पोर छातीपासनं दूर धरलं होतं आणि त्याच्या तोंडाकडं बघत होती, जणू त्यानं काहीतरी विचारलं आहे. वच्छी चुलीजवळनं उठून आली. तिनं हात लावला, कान लावला. मुक्तेचं तोंड उघडलं तसा वच्छीनं तळवा तिच्या तोंडावर ठेवला. मारल्यासारखा नाही, बाळाच्या तोंडावर ठेवावा तसा.

“थांब,” ती म्हणाली. “लोकाची पोर निगायची हाय. आता रडलीस तर तिच्या कपाळी लागंल.” आणि मला म्हणाली, “जा, चंदे. तुजा इंतजाम उरक. वरात येशीभाईर जास्तवर ह्या घरातनं आवाज निगायचा न्हाई. माजा सबूद हाय.”

मी गेले. हे मी लपवत नाही. घरी गेले, पाय धुतले, लुगडं बदललं, ताराबाईला काही बोलले नाही. तिला काय बोलणार होते? शेवटची पंगत बसवली. तूप पहिल्या पंगतीएवढंच. कुणाच्या पानात काय कमी आहे ते मला पंगतीच्या या टोकावरनं दिसत होतं, नेहमीपेक्षा जास्त लख्ख दिसत होतं, मिठाचा दाणासुद्धा. जेवणाऱ्यांची तोंडं हलत होती आणि मला सारखं वाटत होतं की आता ती थांबतील, आठवल्यासारखं करतील आणि पुन्हा हलतील. मग गाड्या जुंपल्या. सुंदररावांच्या मेव्हण्याचे जोडे सापडेनात, एक जोडा मिळाला, दुसरा कुत्र्यानं नेला होता, त्यावर पाऊण घटका हसणं झालं. मी त्याला शहादेवाचे जोडे दिले. मग कुणी म्हणालं नवरीच्या ओटीत हळकुंड नाही, मी हळकुंड आणलं. माझं सगळं अंग कान झालं होतं. गल्लीच्या त्या टोकाला एक बाळंतीण मेलेलं पोर मांडीवर घेऊन माझ्या बैलांची, जोड्यांची, हळकुंडाची वाट बघत होती, आणि तिकडनं श्वासाएवढाही आवाज येत नव्हता. एवढा चोख बंदोबस्त मी माझ्या हयातीत केला नाही. अंजना माझ्या गळ्यात पडून रडली. सगळ्या बायका रडल्या. ज्यांना रडायला मोकळीक होती त्या रडल्या.

बारा गाड्या वेशीबाहेर गेल्या. घाटाच्या वळणावर धुळीचा लोट दिसेनासा झाला तेव्हा मी मान हलवली आणि धुळाजी धावला. थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाकडनं आवाज आला. मला वाटलं होतं मोठा येईल. तो बारीक आला, आणि एकटीचा.

गल्लीतल्या बायका तिकडं पळाल्या. पोर पुरायला धुळाजीच गेला, तिन्हीसांजेच्या आत, ओढ्याच्या काठाला. लग्न संपलं होतं, आता चुली पेटवायला हरकत नव्हती, आणि एकेका धाब्यातनं धूर वर यायला लागला. वच्छीचं घर सोडून. मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजाऱ्यांनी भाकरी न्यायची. कुणीतरी मला विचारलं, “बाई, लग्नातलं उरलंय तेच धाडायचं का?” पुरणाच्या पोळ्या होत्या, बुंदी होती. गोड मयताच्या घरी जात नाही. मी ताराबाईला म्हटलं, “सरक.”

मी पंधरा वर्षांत भाकरी थापली नव्हती. थापायला सुना होत्या. ज्वारीचं पीठ घेतलं, कढत पाणी ओतलं, बोटं भाजली. पहिली चिरली. दुसरी परातीतनं उचलताना तुटली. तिसरी जाड झाली, चौथी एका कडेला करपली. त्या दोन घेतल्या. मिरचीचा ठेचा घेतला. फडकं घेतलं नाही, झाकलं नाही. पितळी हातावर घेऊन अंगणातनं, पुढच्या दारानं, गल्लीतनं चालत गेले. दोन्हीकडच्या ओट्यांवर बायका होत्या. चंद्रभागाबाई स्वतः ताट घेऊन चाललेली त्या बघत होत्या आणि त्यांना कळत नव्हतं उठून उभं राहावं की काय करावं.

वच्छी आणि मुक्ता दोघीच होत्या. वच्छीनं माझ्या हातातनं पितळी घेतली. भाकरीकडं बघितलं, उलटी करून करपलेली कड बघितली. मला वाटलं ती भिरकावेल. मी त्यासाठी उभी होते. पण तिनं भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि मुक्तेच्या हातात दिली.

“खा,” म्हणाली. “परवाच्यानं पोटात अन्न न्हाई तुज्या. आवतनाचं हाय, खा.”

मुक्ता खायला लागली. आधी नुसती धरून बसली होती, मग एक घास, मग दुसरा, मग ती थांबेना. ठेच्यानं डोळ्यांतनं पाणी येत होतं तरी खात होती. दोन्ही भाकरी संपल्या. वच्छीनं तिला पाणी दिलं. ते पिऊन तिनं तांब्या खाली ठेवला आणि एकदम थांबली, खाली बघितलं. चोळीवर दोन ओले डाग आले होते. बघता बघता ते पसरले, एकमेकांत मिसळले, आणि लुगड्यावर थेंब पडायला लागले. मुक्तेनं दोन्ही हात छातीवर दाबले आणि आमच्या दोघींकडं बघितलं, आता हे कुठं ठेवू म्हणून.